पायथनला बोलावताना

माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, त्याच आठवड्यात आमच्या मालकांनी ठरवलं की मशीनला आता नवे डोळे बसवायचे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मला झेपणार नाहीत, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण आमच्या ऑफिसात ‘झेपणार नाही’ म्हणणाऱ्या बाईकडे लोक ती आजारी असल्यासारखं बघतात, म्हणून मी गप्प बसले.

आमची कंपनी छोटी आहे. हैदराबादेत कुकटपल्लीच्या जुन्या कारखान्यांच्या गल्लीत, वर ऑफिस आणि खाली वर्कशॉप. आम्ही औषधाच्या गोळ्या तपासायची मशीनं बनवतो. पट्ट्यावरून गोळ्या पळत येतात, वरचा कॅमेरा फोटो काढतो आणि गोळी फुटकी असेल तर बाजूची हवेची नळी फुंकर मारून तिला टोपलीत उडवते. फोटो कधी काढायचा, फुंकर कधी मारायची, हे सगळं सांभाळणारा प्रोग्राम माझा. सी भाषेतला. मुलगी शाळेत होती तेव्हा लिहायला घेतला. ती शिकली, नोकरीला लागली, लग्न करून पुण्याला गेली, तरी मी अजून त्याच्यातच आहे.

गोळी फुटकी की धड, हेही आजवर माझाच प्रोग्राम ठरवायचा. कडा तपासून, ठिपके मोजून, जुन्या पद्धतीनं. आता तेवढं काम पायथन नावाच्या दुसऱ्या भाषेत लिहिलेलं एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, करणार होतं. ते लिहिलं होतं आमच्याच एका सहकाऱ्यानं. पस्तिशीचा माणूस, घर मूळचं मराठवाड्यातलं, पण आजोबांपासून हैदराबादेत. मला ताई म्हणतो. त्यानं ढीगभर गोळ्यांचे फोटो दाखवून त्या फंक्शनला, त्याच्या भाषेत मॉडेलला, शिकवलं होतं, आणि ते माझ्यापेक्षा कितीतरी बरं ओळखायचं. मला त्याचं वाईट वाटलं. चांगल्या कामाचं वाईट वाटू नये हे कळतं, पण वाटलं.

मालकांचा हिशेब सरळ होता. "मॅडम, आपका प्रोग्राम वैसाइच रहने दो. बीच में पायथन को बुलाना, फोटो देना, जवाब लेना. कित्ता काम है?"

मी सुट्टीचं काढलं. मुलगी आली आहे, पहिली वेळ आहे.

"चालू करके जाओ मॅडम. फिर जित्ती होना उत्ती छुट्टी लेओ."

मशीन चालू झालं की सुट्टी. त्या दिवसापासून माझं सगळं घोडं या एका वाक्यापाशी अडलेलं होतं.

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, यावर आमच्याकडे चर्चा होत नाही. ते गृहीतच असतं. पण आमचं नल्लकुंट्याचं घर दिवसभर रिकामं. नवऱ्याची बदली विजयवाड्याला, तो रविवारी येतो. मी सकाळी बाहेर पडते ती दिवेलागणीला परत. अशा घरात सातवा महिना लागलेली पोर एकटी. विहीणबाईंचा फोन आला तो त्यामुळेच. बाई वाईट नाहीत, बोलल्याही गोड. "आठवा संपेपर्यंतच प्रवास चालेल म्हणतात डॉक्टर. तोवर तुम्हाला सुट्टी मिळाली तर उत्तमच. नाहीतर आम्ही येऊन घेऊन जाऊ तिला. तुमचीही ओढाताण नको."

तुमचीही ओढाताण नको! इतक्या मऊ शब्दांत लेक परत न्यायची गोष्ट करता येते, हे मला नवीन होतं. मी "हो हो, मिळेलच सुट्टी" म्हटलं आणि फोन ठेवून चिक्कडपल्लीच्या बाजारातून आणलेला डिंक डब्यात भरला.

आता पायथनला बोलावायचं म्हणजे काय करायचं, ते सांगते. सीमधून सीच्याच फंक्शनला बोलावणं सोपं. नाव घ्या, पुढे कंसात काय द्यायचं ते द्या, उत्तर घ्या. पायथन असं येत नाही. आधी त्याला जागं करायचं. मग त्याची फाइल उघडायची, त्या फाइलीत हवं ते फंक्शन आहे का ते पाहायचं. मग जे द्यायचं ते पायथनच्या रूपात करून घ्यायचं, कारण साधा आकडासुद्धा त्याला आपल्याकडचा चालत नाही. आणि मग सगळं एका गाठोड्यात बांधून पुढे करायचं. त्या गाठोड्याला टपल म्हणतात. एकच गोष्ट द्यायची असली तरी गाठोडं लागतंच. ओटीत एकच खण द्यायचा तरी आपण तो तबकात ठेवून देतो, तसं.

मी पहिल्या खेपेला एक आकडा पाठवून पाहिला. तबक नाही, काही नाही, नुसता हातात दिला. उत्तर आलं रिकामं. ना चूक, ना बरोबर. मी अर्धा दिवस फंक्शनच्या नावातलं एकेक अक्षर तपासत बसले. नंतर कळलं की पायथनला काही खटकलं तर ते रिकामा हात पुढे करतं आणि कारण पोटात ठेवतं. आपण मुद्दाम विचारलं, की बाबा काय झालं, तर मग धडाधडा सांगतं.

हे मला नवीन वाटायचं कारण नव्हतं. माझ्या घरात असंच एक माणूस वाढलं आहे. मुलीला "कशी आहेस" विचारलं की उत्तर "ठीक". पाय सुजलेत का असं विचारलं तर "हो, परवापासून". मग परवा का नाही सांगितलंस? "तू पायांचं विचारलंच नाहीस ना आई."

म्हणून मी सगळंच विचारायला लागले. ऑफिसातून, दर थोड्या वेळानं. लोहाची गोळी घेतलीस का? नारळपाणी आणून ठेवलंय, प्यायलीस का? डाव्या कुशीवर झोप. बाळ हलतंय ना? उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. एकदा तिनं फोन उचलला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "गोळी झाली, पाणी झालं, डावी कूस झाली, बाळ लाथा मारतंय. आता नक्को फोन करू गं आई, मला झोपू दे." आणि ठेवला.

गाठोडं बांधायला जमलं तसं काम पुढे सरकलं. ऑफिसातल्या टेबलावर आम्ही एक छोटा पट्टा आणि छोटा कॅमेरा मांडला होता. माझा प्रोग्राम फोटो काढायचा, गाठोडं बांधायचा, पायथन उत्तर द्यायचं, नळी फुंकर मारायची. सहकारी खूश, मालक खूश. सकाळी सगळं झकास चाललं आणि दुपारी प्रोग्राम धापा टाकायला लागला. संध्याकाळी बसल्या जागी मेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

याचं कारण मला घरी सापडलं, आमच्या ओट्यावर. समोरच्या फ्लॅटमधल्या तेलुगू आंटी मुलीसाठी रोज काहीतरी पाठवायच्या. कधी डाळीचं पप्पू, कधी चिंचेचा पुळिहोरा, कधी अंबाडीचा गोंगुरा. स्टीलच्या डब्यांतून. आमच्या बिल्डिंगमध्ये डबा रिकामा परत जात नाही, ही रीतच आहे. आणि मला त्यात भरायला काही करायला वेळ नव्हता. त्यामुळे आंटींचे डबे माझ्या ओट्यावर एकावर एक चढत गेले होते. ओट्यावर पोळी लाटायला जागा उरली नव्हती. त्या ढिगाकडे बघत उभी राहिले आणि मला प्रोग्राम दिसला. प्रत्येक फोटोला मी नवं गाठोडं बांधत होते, पायथनकडून नवं उत्तर घेत होते, आणि काम झाल्यावर त्यातलं काहीच सोडत नव्हते. सगळं आत साचत होतं.

मग मी सोडायला लागले, तर नको तेही सोडलं. पायथनमध्ये काही गोष्टी आपल्या असतात, काही नुसत्या बघायला दिलेल्या असतात, आणि काही तर गाठोड्यात घातल्या की आपल्या राहतच नाहीत, गाठोड्याच्या होतात. मी त्या आपल्या समजून सोडत होते. त्यामुळे आधी दुपारपर्यंत तरी जगणारा प्रोग्राम आता चहाच्या आतच मरू लागला. पहिले पाढे पंचावन्न. कोणती वस्तू कोणाची, हे एकेका ओळीवर बोट ठेवून ठरवण्यात माझा सबंध आठवडा गेला. डब्यांचा प्रश्न नवऱ्यानं सोडवला. रविवारी आला, प्रत्येक डब्यात दोन-दोन केळी कोंबली आणि सगळे डबे नेऊन दिले. आंटी अजून त्यावर हसतात.

आठवा महिना अर्धा सरला होता. विहीणबाईंनी फोनवर "काही कळलं का सुट्टीचं" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "चाचणी आहे, झाली की मोकळी."

चाचणी गिऱ्हाइकाच्या कारखान्यात होती. मोठा पट्टा, मोठा कॅमेरा, डोक्याला जाळीच्या टोप्या घातलेली माणसं. मशीन सुरू केलं आणि आमच्या फुंकरीनं गोळ्या उडवायला सुरुवात केली. फुटक्या, धड, सगळ्याच. टोपली भरली, गोळ्या जमिनीवर सांडायला लागल्या. कारखान्याच्या माणसानं लाल बटण दाबलं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी सहकाऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "ताई, मॉडेल एकदम बराबर आहे. तुमच्याकडूनच फोटो खराब येऊ लालेत." मी म्हटलं, "फोटो माझ्याकडे स्वच्छ आहेत." आणि आम्ही दोघं, शहाणीसुरती माणसं, परक्या कारखान्यात उभ्या उभ्या भांडलो.

ऑफिसात परतल्यावर सहकारी म्हणाला, "माझ्या हातात येतो तो फोटो आपण उघडून तर पाहू." उघडला. गोळ्या नव्हत्याच. नुसते तिरके पट्टे, पावसात भिजलेली रांगोळी कोणी खराट्यानं ओढावी तसे. तेव्हा कुठे दोघांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. आम्हा सीवाल्यांना फोटो म्हणजे आधी रुंदी, मग उंची. त्याच्या लोकांना आधी उंची, मग रुंदी. मी माझ्या क्रमानं गाठोडं भरलं, त्यानं त्याच्या क्रमानं सोडलं, आणि क्रम विचारायचं दोघांनाही सुचलं नाही, कारण दोघांनाही आपापला क्रम जगाचा वाटत होता. ऑफिसातल्या छोट्या कॅमेऱ्याचा फोटो चारी बाजूंनी सारखा. तिथे उलटं केलं काय नि सुलटं काय! कारखान्यातला लांबोडा फोटो आला आणि पितळ उघडं पडलं.

दुरुस्ती एका ओळीची. त्या ओळीनं गिऱ्हाईक जवळजवळ घालवलं होतं. आम्ही दोघं हसलो, पण ते हसू दमलेल्या माणसांचं होतं. त्यानं चहा आणला आणि काही सांगणार असल्यासारखा समोर बसून राहिला. "काय रे?" विचारलं तर म्हणाला, "नाही, काही नाही ताई." मी पुढे विचारलं नाही.

एवढ्यानं संपायला हवं होतं. पण दुष्काळात तेरावा महिना यायचाच. माझ्या प्रोग्राममध्ये कॅमेऱ्याचं काम एकीकडे चालतं आणि हवेच्या नळ्यांचं दुसरीकडे, दोन्ही एकाच वेळी. पायथनच्या घरात मात्र एका वेळी एकानंच शिरायचं असतं आणि शिरण्याआधी किल्ली मागायची असते. मी न मागता दोन बाजूंनी शिरत होते. मशीन कधी तासभर चालायचं, कधी सुरू होताच कोलमडायचं, आणि मरताना एक शब्द बोलायचं नाही. मग मी किल्ली मागायला लागले, तर किल्लीची वाट बघण्यात फुंकरीला उशीर व्हायला लागला. फुटकी गोळी पुढे निघून जायची आणि मागची बिचारी धड गोळी उडायची. आगीतून फुफाट्यात. माझ्या आयुष्यात इतक्या निरपराध गोळ्या मी कधी टोपलीत पाहिल्या नव्हत्या.

त्या दिवशी आठवा संपायला दोन दिवस राहिले होते. मी मालकांच्या खोलीत गेले आणि उभ्यानंच म्हटलं, मला सुट्टी द्या, मी घरून बघते.

ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "मॅडम, मेरे कू समझता. मेरे घर में भी बेटियां हैं. पर आप गये तो ये कौन देखेगा? आपके सिवा किसकू समझता ये?"

इतकी वर्षं हे वाक्य ऐकायला मला बरं वाटायचं.

घरी आले तर मुलगी जेवणाच्या टेबलाशी बसली होती, पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकून. मी पर्स ठेवली, लॅपटॉप उघडला आणि न जेवता पुन्हा त्या किल्लीवाल्या ओळी वाचायला लागले. ती पुण्यात हेच काम करते, पायथनचंच. पण ऑफिसचं काही तिला विचारायचं नाही, असं मी ठरवलं होतं. ती विश्रांतीला आलीय. आणि दुसरं खरं कारण म्हणजे विचारायची लाज वाटत होती.

तिनंच मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आई, तू पायथनला बोलवतेसच कशाला?"

"मग कोणाला बोलवू?"

"उलटं कर ना. पायथनला वर ठेव. त्याला फोटो पाहिजे तर ते तुझ्या सीला मागेल, तू देशील. फुंकर मारायची असेल तर सांगेल, तू मारशील. नळ्यांचं टायमिंग तुझ्याकडेच राहू दे, ते तुझं बेस्ट आहे. पण ही गाठोडी तू बांधत बसू नको. त्या बाजूनं बोलावलं तर ती बांधायची सोय आधीच केलेली असते. सगळे असंच करतात, आई. लिटरली सगळे."

"म्हणजे माझा प्रोग्राम त्याच्या हाताखाली?"

"हाताखाली काय त्यात? तू सगळ्यांना बोलवतेस, सगळ्यांचं भरून देतेस, मग सगळ्यांवर चिडतेस. त्याला बोलवू दे ना तुला. लागलं की बोलवेल."

मी चिडले. तुला मशीनमधलं काय कळतं, दोन वर्षांच्या नोकरीत तुम्हाला सगळं जग सोपं वाटतं, असं बरंच काही बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला. ती हळूच उठली, पोटाला हात देऊन, आणि आत जाऊन पडली. मी एकटीच दहीभात खाल्ला.

भांडी घासताना मला कळत होतं की ती बरोबर आहे. मला नको होतं ते वेगळंच. सीच्या प्रत्येक प्रोग्राममध्ये मेन नावाचं एक फंक्शन असतं. प्रोग्राम सुरू होतो तो तिथून, संपतो तो तिथे. बाकी सगळी फंक्शनं कोणीतरी बोलावलं की येतात. मेनला आतलं कोणी बोलावत नाही, तेच सगळ्यांना बोलावतं. मुलगी म्हणत होती तसं केलं तर माझ्या प्रोग्रामला मेन राहणार नव्हतं. मशीनचं मेन सहकाऱ्याच्या पायथनमध्ये जाणार होतं, आणि माझी इतक्या वर्षांची मेहनत म्हणजे कपाटात नीट लावून ठेवलेली अवजारं होणार होती. लागलं की घ्यायची.

सकाळी मी तिच्या उशाशी चहा ठेवला आणि म्हटलं, "करून बघते तुझं."

"हं," ती म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.

ऑफिसात सहकाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मी पहिल्या दिवशीच म्हणणार होतो. त्या कारखान्यातून आलो तेव्हाबी म्हणणार होतो. पण तुमचा प्रोग्राम. आम्ही ते मशीन बघतच शिकलो. तुम्हाला कसं म्हणायचं, की वरून खाली उतरा म्हणून?"

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. महिना गेला रे माझा, तुझ्या या अदबीपायी! पण मग मला आठवलं की मी आल्यावर तो खुर्चीवरून उठतो, आणि ते मला आवडतं. त्याला दुसरं काय शिकवलं होतं आम्ही? ओरडायचं राहिलं.

दिवसभर आम्ही शेजारी बसून काम केलं. मी माझा प्रोग्राम सुटा केला. फोटो दे, फुंकर मार, पट्टा थांबव, अशी थोडीच फंक्शनं बाहेर ठेवली. कोणाला काय द्यायचं, कोणत्या क्रमानं द्यायचं, परत काय मिळणार, सगळं प्रत्येकाच्या वर स्पष्ट लिहिलं. त्यानं वरून बोलावणारं पायथन लिहिलं, जेमतेम पानभर. शेवटी माझ्या फाइलीत मेन तेवढं उरलं होतं. मी ते सगळं निवडलं आणि पुसलं. प्रोग्राम तपासून मशीनच्या भाषेत नेणाऱ्या कंपायलरनं हूं की चूं केलं नाही. इतक्या वर्षांची गोष्ट गेली तर निदान एखादी तक्रार तरी यावी! आली नाही. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

मशीन चाललं. छोट्या पट्ट्यावर चाललं, दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या मोठ्या पट्ट्यावर चाललं. न किल्लीची भानगड, न साचणं, न मरणं. फुटकी गोळी उडत होती, धड गोळी पुढे जात होती. मालक टोपलीत डोकावले आणि म्हणाले, "कायकू नहीं करे मॅडम, ऐसा पहलेइच?"

मी सुट्टीचा अर्ज पुढे केला. त्यांनी उभ्यानंच सही केली.

सहकारी बसथांब्यापर्यंत सोडायला आला. "तुम्ही आरामात जावा ताई. आता सगळं समोर दिसतंय, काय द्यायचं, काय घ्यायचं. मी बघतो." तो मला धीर देत होता. किती तरी दिवस मी हेच मागत होते, की मला जाऊ द्या. आता जायला कोणाची अडचण नव्हती.

बसमध्ये बसून मी विहीणबाईंना फोन लावला. "मी सुट्टीवर आहे. ती इथेच राहील." त्या म्हणाल्या, "बरं झालं हो, मलाही तेच हवं होतं." आणि मला वाटतं, ते खरंच होतं.

पुढचे दिवस मी घरी होते. मनात किती बेत होते! तिच्या केसांना तेल लावीन, शेजारी पडून गप्पा मारीन. ती दिवसभर झोपायची नाहीतर कानात हेडफोन घालून नवऱ्याशी बोलायची. मी डिंकाचे लाडू वेळेआधीच करून ठेवले, पंचे धुऊन वाळवले, पुन्हा धुतले. एकदा तिच्या खोलीत तिसऱ्यांदा डोकावले तर ती हसून म्हणाली, "आई, बस ना. लागलं की मी सांगते." मी हॉलमध्ये येऊन बसले. बसायची मला सवय नाही.

तिला कळा सुरू झाल्या त्या एका दुपारी. जावई आदल्या दिवशीच पुण्याहून आले होते. आम्ही रिक्षातून दवाखाना गाठला. सगळी तयारी माझ्या हातात होती. पिशवी, मऊ जुनी साडी, गरम पाण्याची बाटली. नर्सनं सांगितलं की आत सोबतीला एकच माणूस येईल. मी पदर खोचला आणि पुढे झाले. यासाठीच तर सगळं केलं होतं.

मुलीनं माझा हात धरला. घामानं ओला झाला होता तिचा तळवा. "आई, तू बाहेर थांबशील? त्याला येऊ दे आत. प्लीज. तुला वाईट वाटेल, पण मला तो हवाय."

"वाईट कसलं त्यात," मी म्हटलं. खूप वाईट वाटलं. इतकं की जावयांच्या हातात बाटली देताना मला त्यांच्याकडे बघवेना. ते घाबरलेले होते, त्यांना नीट धरताही येत नव्हती ती. दार बंद झालं.

नात झाली. दोघी सुखरूप आहेत, माझा नवराही तोवर विजयवाड्याहून पोचला, विहीणबाई फोनवर रडल्या, ते सगळं यथास्थित झालं. पण मला आठवते ती त्याआधीची वेळ, बाहेरच्या बाकावरची. मांडीवर पिशवी घेऊन मी बसले होते. करायला काहीही नव्हतं. आतून कोणाचंच काही ऐकू येत नव्हतं, आणि मग एकदम तिचा आवाज आला.

"आई गं!"

मी पिशवी टाकून दारापाशी गेले. दारातल्या नर्सनं मला हातानं अडवलं, मायेनंच. "बैठो अम्मा, बैठो. आपकू नहीं बुला रहे. दर्द में सब्बी ऐसाइच चिल्लाते."

मला ते माहीत होतं. तिच्या वेळी मीही असंच ओरडले होते, आणि तेव्हा माझी आई अशीच बाहेर होती. ती उठून दारापाशी आली होती का, हे मी तिला कधीच विचारलं नाही.

आतून पुन्हा आवाज आला. मी बसले नाही.